डाव्या बाजूचा पत्रा

गाडी आली, पण कशी आली म्हणता? ट्रकच्या पाठीवर, ताडपत्रीत गुंडाळून. जी रस्त्यावरून निघाली की पोरंटोरं खेळ टाकून बघत राहायची, तिला हमालांनी फळ्यांवरून ढकलत, शिव्या देत गॅरेजात उतरवलं. थोरला कोपऱ्यात उभा होता. ताडपत्री निघाली तशी त्यानं आधी उजवी बाजू बघितली, कारण ती त्याची स्वतःची. रंग पार उडाला होता, पण पत्र्याला काही झालं नव्हतं. मग तो वळसा घालून डावीकडे गेला.

डाव्या बाजूवर भिंत पडली होती. कुठल्याशा बंगल्यामागच्या शेडमध्ये ही गाडी वर्षानुवर्षं धूळ खात उभी होती, आणि शेड कोसळली ती नेमकी त्याच अंगावर. मागचं दार आणि त्यापुढचा सगळा पत्रा आत गेला होता. ती बाजू धाकट्याची.

आता हे थोरला-धाकटा काय प्रकरण आहे ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

त्या काळी मोठ्या गाड्या कारखान्यातून उघड्याच बाहेर पडत. चाकं, इंजिन, खालची चौकट, बस. अंग चढवायला त्या दुसऱ्या कारखान्यात जात आणि तिथं एकेक गाडी हातानं घडे. आधी लाकडाचा सांगाडा, मग त्यावर ठोकून ठोकून वळवलेला पत्रा, मग रंगाचे थरावर थर. आतला थाट तर विचारूच नका. चालक आणि मालक यांच्यामध्ये काच, मालकाला हुकूम सोडायला एक नळी, घडी होणाऱ्या दोन छोट्या खुर्च्या, खिडक्यांना रेशमी पडदे, आणि कोपऱ्यात एकच फूल मावेल एवढी काचेची कुपी. ज्याला जशी हवी तशी करून मिळे, म्हणून एकीसारखी दुसरी नाही. एकीचं दार दुसरीला बसायचं नाही. त्यात बसणारा माणूस स्वतःला आभाळातून उतरलेला समजायचा, आणि ती घडवणारे हे दोघे भाऊ संध्याकाळी एका सायकलवर डबलसीट घरी जायचे.

कारखान्याची एक रीत होती. एका गाडीच्या अंगाला दोनच माणसं. उजवी बाजू मोठ्या कारागिराची, डावी त्याच्या जोडीदाराची. पत्रा नीट वळला की नाही हे बघायला साचा असे. साचा म्हणजे एक लांब लाकडी फळी, तिची एक कड त्या त्या गाडीच्या अंगाच्या वळणाप्रमाणे कापलेली. ती पत्र्याला टेकवायची. कुठंच फट दिसली नाही तर ‘बसला’ म्हणून ओरडायचं, दिसली तर ‘सुटतोय’. हे काम जोडीदाराचं, दोन्ही बाजूंना. मोठा कारागीर साच्याला शिवत नसे, त्यात त्याला कमीपणा वाटे. थोरल्यानं तर उभ्या नोकरीत साचा हातात धरला नव्हता.

बाप लवकर गेलेला. घर थोरल्याच्या हातोडीवर चालायचं. त्यानंच धाकट्याला कारखान्यात चिकटवलं, जोडीदार म्हणून शेजारी घेतलं, त्याचं लग्न लावून दिलं. या सगळ्यात स्वतःचं लग्न राहूनच गेलं, आणि त्याबद्दल त्यानं कधी तोंड वाकडं केलं नाही. माणूस वाईट नव्हता. फक्त जीभ फार लांब.

थोरल्याची बाजू दर वेळी बसायची. धाकट्याची दर वेळी दाराखाली किंचित फुगायची. साचा मध्ये टेकायचा आणि टोकांना सुटायचा. धाकटा स्वतःच सांगायचा, ‘सुटतोय.’ वर हसायचा. गाडी दिसायला झकास दिसे, त्यामुळे मुकादम कानाडोळा करून पास करी. पण थोरला गप्प बसेल तर शपथ. ‘आमच्या धाकट्याची बाजू जेवून आलीय,’ तो म्हणायचा, आणि सगळा कारखाना खदखदायचा. धाकटाही. नवा माणूस कामाला लागला की थोरला त्याला मुद्दाम डावीकडे नेऊन ते पोट दाखवायचा आणि म्हणायचा, ‘भाऊ आहे म्हणून सांभाळून घेतोय.’

पुढं असल्या गाड्यांचे दिवस भरले. यंत्रातून धडाधड गाड्या पडायला लागल्यावर हातानं पत्रा ठोकणाऱ्याला कोण हिंग लावून विचारतो? मुकादमानं दोघांना बोलावलं. दुरुस्तीपुरता एकच माणूस ठेवायचा होता.

“तूच सांग,” तो थोरल्याला म्हणाला. “कोणाला ठेवू?”

“बाजू कोणाची सुटते ते तुम्हाला ठाऊक आहे,” थोरला म्हणाला.

आपण भाऊ बघितला नाही, काम बघितलं, याचा त्याला तेव्हा अभिमानच वाटला होता. धाकटा शेजारी उभा होता. “दादा बरोबर बोलतोय,” एवढंच तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या एका दुकानात पत्र्याच्या पेट्या ठोकायला बसला. कपड्यांच्या पेट्या, धान्याचे डबे, बादल्यांचे बूड. मरेपर्यंत तेच केलं. गेल्या वर्षी छातीच्या दुखण्यानं गेला. दवाखान्यात त्याचं सुजलेलं पोट बघून थोरल्यानं तीच जुनी थट्टा केली, आणि धाकटा नाकातल्या नळीसकट हसला.

तो गेल्यावर थोरल्याला घर खायला उठायला लागलं. धाकट्याचं म्हणून दाखवावं असं काही उरलंच नव्हतं. पेट्या लोकांच्या घरी, गाड्या भंगारात. अशात एक गाड्या जमवणारा श्रीमंत माणूस पत्ता काढत दारात आला. दोघा भावांच्या हातची ही एक गाडी त्याला सापडली होती. दुरुस्त झाली की ती त्याच्या मोठ्या दालनात कायमची काचेआड उभी राहणार होती. “मूळ कारागीर असताना दुसऱ्याकडे कशाला जाऊ?” तो म्हणाला. “चेपलेला पत्रा सरळ होत असेल तर तोच ठेवा, नसेल तर नवा करा. तुम्ही म्हणाल तसं.”

थोरल्याला एवढंच हवं होतं की या गाडीत धाकटा चारचौघांत मान वर करून उभा राहावा. जगात त्याची एकच खूण उरलीय, तिला कोणी हसू नये. बाकी त्याला कशाचीच पडली नव्हती.

आता खरं सांगायचं तर चेपलेला पत्रा सरळ होण्यासारखा होता. आतून ठोकळा लावून, धीर धरून, हळूहळू बाहेर आला असता. थोरल्याला ते बघताक्षणी कळलं होतं. पण त्याच्या मनात भलतंच आलं. हा पत्रा सरळ झाला तरी पोट राहणारच. जन्मभर आपण त्याला चिडवलं. आता या शेवटच्या गाडीत त्याची बाजू नवी करून, साच्याबरहुकूम करून द्यावी. भावाच्या चुकीवर भावानं पांघरूण घालावं. हा विचार त्याला इतका आवडला की डोळ्यांत पाणी आलं.

घरी जेवताना त्यानं भावजयीला सांगितलं. ती वाढता वाढता थांबली.

“भाऊजी, आहे तोच पत्रा सरळ नाही का करता यायचा?”

“येईल की. पण त्याची खोड तशीच राहील.”

“राहू दे ना.”

“अगं, शेकडो माणसं बघणार. कोणी साचा लावला तर?”

“त्यांच्या हातचं आहे ते,” ती म्हणाली. “तेवढंच आहे.”

“म्हणूनच तर नीट करतोय.”

ती काहीतरी बोलणार होती. ओठांपर्यंत आलेलं तिनं गिळलं आणि भांडी उचलून आत गेली. थोरल्याला वाटलं, बायकांना जुन्या वस्तूंची माया असते, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी त्यानं पत्र्याला कात्री लावली. पत्रा अखंड निघेना, तेव्हा तुकडे करूनच काढला. गॅरेजवाल्यानं ते तुकडे भंगाराच्या ढिगावर फेकले आणि त्या आठवड्यात भंगारवाला सगळं घेऊन गेला.

मग काम सुरू झालं. वाळूची पिशवी, लाकडी हातोडा, कोरा पत्रा. म्हाताऱ्याच्या अंगात काय संचारलं कोण जाणे, हात तरुणपणी चालायचा तसा चालायला लागला. हातोडा कुठं पडायचा हे त्याला बघावं लागत नव्हतं. गॅरेजवाला तर कौतुकानं चहा घेऊन यायचा आणि तो गार होईपर्यंत बघत बसायचा.

जोडीदार नसल्यामुळे साचा मात्र त्याला स्वतःच लावावा लागला. पुढं कारखाना बंद झाला तेव्हा धाकट्यानं जाऊन जुने साचे घरी आणून माळ्यावर टाकले होते, त्यात ह्या गाडीचाही होता. थोरल्यानं फळी पुसली, पत्र्याला टेकवली, तर ती मध्ये टेकली आणि टोकांना सुटली. वय झालं, तो मनात म्हणाला. परत ठोकून वळवला. परत तिथंच, दाराखाली सुटली. तो स्वतःवरच वैतागला. मग मात्र त्यानं दर चार ठोक्यांनी साचा लावून बघायला सुरुवात केली, फुगलेलं तेवढं दाबत गेला, आणि एका दुपारी फळी अशी बसली की मधून केसही गेला नसता.

“बसला,” तो मोठ्यांदा म्हणाला. गॅरेजात दुसरं कोणी नव्हतं. “बसली रे तुझी बाजू,” असं म्हणून तो ढसाढसा रडला. त्याचं अख्खं आयुष्य बघितलं तर एवढा समाधानी तो कधीच नव्हता.

रंगाआधी गाडी उजेडात बघायची असते. गॅरेजवाल्यानं आणि त्यानं मिळून ती अंगणात ढकलली. थोरला समोर जाऊन उभा राहिला. गाडी वाकडी दिसत होती. सांगाडा सरळ, छप्पर सरळ, तरी एका अंगाला कलल्यासारखी.

“काका,” गॅरेजवाला म्हणाला, “हिचा उजवा गाल सुजलाय का हो?”

“डोळे तपासून घे.”

“बरं, तपासतो. पण सुजलाय.”

थोरल्यानं फळी आणून डावीकडे लावली. बसली. मग उजवीकडे गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या पत्र्याला साचा लावला.

फळी दाराखाली टेकली, आणि दोन्ही टोकांना उजेड दिसायला लागला.

भिंतीचा धक्का लागला असेल, असं त्यानं मनाला समजावून बघितलं. पण मन कसलं समजतंय. नवा पत्रा ठोकताना दोन वेळा हेच पोट आलं होतं, ह्याच जागी. ते वयानं आलेलं नव्हतं, ते त्याच्या हाताचं होतं. त्याच्या हातानं केलेल्या प्रत्येक गाडीला ते असणार. आणि धाकटा प्रत्येक गाडीला ‘बसला’ म्हणून ओरडत होता.

तो घरी कसा पोचला त्याचं त्यालाच ठाऊक नाही. भावजय कपडे घड्या करत बसली होती. त्याचा चेहरा बघून तिनं हातातला सदरा खाली ठेवला.

“तुला ठाऊक होतं,” तो म्हणाला.

“हो.”

“कधीपासून?”

“लग्न झालं त्या वर्षीच सांगितलं त्यांनी.” तिचा आवाज एकदम सपाट होता. “पहिल्या गाडीला साचा लावला तर तुमची बाजू सुटली. घर तुमच्या पगारावर. ते ‘बसला’ म्हणून मोकळे झाले. पण मग दोन बाजू दोन तऱ्हेच्या दिसल्या असत्या. म्हणून त्यांनी आपलीही तुमच्यासारखीच फुगवली. पुढं दर गाडीला तेच.”

“मग स्वतःची सुटते म्हणून का सांगायचा? तीही बसली म्हणायचं.”

“त्यांच्या बाजूला मुकादम स्वतः साचा लावून बघायचा. तुमच्या बाजूला लावायची त्याची छाती होती का?”

थोरला भिंतीला टेकून खाली बसला. “मला सांगायचं होतं एकदा. नोकरी गेली तेव्हा तरी.”

“मी भांडले तेव्हा. खूप भांडले. म्हणाले, दादाला कळलं तर त्याचा हात जाईल. हात भरवशावर चालतो म्हणाले, भरवसा गेला की संपलं. मला शपथ घातली.” एवढा वेळ आवरलेलं तिचं रडू आता फुटलं. “पेट्यांच्या कडांनी त्यांची बोटं कापायची, भाऊजी. मी रोज चिंध्या बांधायची. आणि तुम्ही समोर जेवायला बसून तेच, जेवून आलीय, जेवून आलीय. ते हसायचे. मला वाटायचं ताट भिरकावून द्यावं.”

“आणि मी पत्रा कापायला निघालो तेव्हा? तेव्हा तरी तोंड उघडायचंस.”

“उघडायला हवं होतं,” ती म्हणाली. “माझंही चुकलंच. शपथ पाळली आणि त्यांनाच घालवून बसले.”

थोरला तसाच उठून भंगारवाल्याकडे गेला. भंगारवाल्यानं त्याला मागच्या आवारात नेलं. तिथं यंत्रात दाबलेल्या पत्र्याचे चौकोनी गठ्ठे रचलेले होते, माणसाच्या डोक्याच्या वरपर्यंत. “त्या दिवसाचा माल ह्यातच कुठंतरी असेल, नाहीतर भट्टीत गेला असेल,” तो म्हणाला. वाईट माणूस नव्हता. थोरला गठ्ठ्यांना हात लावून बघत फिरत राहिला तरी त्यानं हटकलं नाही.

एक मार्ग उरला होता. डावीकडच्या नव्या पत्र्याला पोट आणायचं. धाकट्यानं जे केलं तेच करायचं, उजवीकडे बघून डावीकडे तशीच चूक करायची. मग निदान गाडी सरळ दिसेल, धाकट्यानं केली होती तशी. थोरल्यानं हातोडा उचलला.

आणि हात चालेना. म्हणजे हलायचा, पण आता त्याला विचारल्याशिवाय हलायचा नाही. इथं मारू का? एवढ्या जोरानं मारू का? जे पोट त्या हातानं जन्मभर न सांगता काढलं, ते आता सांगून निघेना. एकदा फारच पुढं आलं, एकदा खड्डा पडला, एकदा लाट उठली. उजवीकडे जाऊन स्वतःचा पत्रा चाचपायचा, परत डावीकडे यायचा, तोवर बोटांतून सगळं निसटलेलं असायचं. धाकटा हे दर गाडीला करायचा, शेजारी थोरला तोंड वाजवत असताना, आणि वर हसायचा. कोण मोठा कारागीर होता हे थोरल्याला तेव्हा कळलं, आणि ते सांगायला आता समोर कोणीच नव्हतं. दिवसच्या दिवस गेले. पत्रा ठोकून ठोकून पातळ व्हायला लागला तेव्हा गॅरेजवाल्यानं त्याच्या हातातून हातोडा काढून घेतला. “काका, फाटेल आता,” तो म्हणाला. शेवटी थोरल्यानं साचा लावून लावून तो पत्रा पुन्हा होता तसा केला. तेवढंच त्याला जमण्यासारखं राहिलं होतं.

श्रीमंत माणूस आला. रंग चढलेली गाडी काळीभोर चकाकत होती. त्यानं समोरून बघितलं, डोकं तिरकं केलं, मागून जाऊन बघितलं.

“डावी बाजू जराशी बसकी वाटते,” तो म्हणाला. “ती तुमच्या भावाची ना?”

“डावी बरोबर आहे,” थोरला म्हणाला. “उजवी चुकलीय. उजवी माझी. माझ्या सगळ्याच चुकल्यात. तो सांभाळून घ्यायचा.”

त्या माणसानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. फार सभ्य माणूस. “अहो, भावाच्या मायेनं बोलताय तुम्ही. उजवी मूळची आहे, ती कशी चुकेल? जे नवं घातलंय तेच जमलं नसणार. ह्या वयात एवढं केलंत हेच खूप झालं.”

“उजवी उघडू द्या मला. नीट करतो.”

“नाही नाही, मूळ पत्र्याला हात लावायचा नाही. त्याच्यासाठी तर गाडी घेतली.”

थोरल्यानं परत सांगितलं. साचा आणून लावून दाखवला. त्या माणसानं टोकाचा उजेड बघितलासुद्धा. मग म्हणाला, “लाकूड जुनं आहे ना, फळीच वाकली असेल.” आणि माणसांना हाक मारून गाडी ट्रकवर चढवायला सांगितली. थोरल्यानं ट्रकची फळी धरून ठेवली होती. गॅरेजवाल्यानं हळूच त्याची बोटं सोडवली.

संध्याकाळी तो घरी आला आणि चपला न काढता ओट्यावर बसला. भावजय बाहेर आली. शेजारी उभी राहिली.

“गेली गाडी?”

“गेली.”

“त्यांचं काही राहिलं का हो तिच्यात? कुठं आतबाहेर, थोडंसं?”

थोरल्यानं खरंच आठवून बघितलं. छप्पर दोघांनी मिळून वळवलेलं, पण त्यातलं कोणतं कोणाचं ते त्याला आता सांगता येत नव्हतं. बाकी दोन्ही बाजू त्याच्याच.

“नाही,” तो म्हणाला. “मी कापून काढलं.”